ड्रिंक अँड ड्राइव्हची केस: कलम १८५ मध्ये काय टिकतं आणि काय नाही

नाकाबंदीत श्वास तपासणाऱ्या मशीनने आकडा दाखवला की बहुतेक जण आधी ओळखीचा माणूस शोधतात. कुणी नगरसेवकाला फोन लावतं, कुणी "साहेबांशी बोलून घेतो" म्हणतं, कुणी पाकीट काढतं. नेमक्या त्याच अर्ध्या-पाऊण तासात केसचा सगळा पाया घातला जात असतो. मशीनवर काय उमटलं, किती वाजता उमटलं, पावतीवर कोणाचं नाव आहे, रक्त घेतलं का, घेतलं तर कोणी आणि कशात, यावरच पुढे कोर्टात केस उभी राहते किंवा कोसळते. म्हणून कायदा आणि मोजमाप दोन्ही नीट समजून घ्यायला हवं. ज्यांच्यावर केस झाली आहे त्यांनी तर हवंच, पण ज्यांना ती कधीच होऊ द्यायची नाही त्यांनीही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे गाडी चालवताना, किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणं हा गुन्हा आहे. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे मर्यादा मुंबईत, नागपुरात आणि पणजीत एकच. गोव्यात दारू स्वस्त आहे म्हणून तिथे सूट असेल, हा पर्यटकांचा गोड गैरसमज आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या किंवा त्यापुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत झाला तरच वाढीव शिक्षा होती. ती अट दुरुस्तीने काढून टाकली, त्यामुळे जुनी शिक्षा आता तीन वर्षं उलटली म्हणून पुसली जात नाही. शिवाय कलम १८५ हे कलम २०० खालच्या तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. सिग्नल तोडल्याच्या ई-चलनासारखे पैसे भरून ते जागेवर मिटत नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच जातं.

आता ३० मिलिग्रॅम म्हणजे नेमकं किती? इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. ६० मिलिलिटरचा एक लार्ज, ४२.८ टक्के अल्कोहोलची व्हिस्की, म्हणजे साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७० किलो वजनाच्या पुरुषाने तो उपाशीपोटी घेतला तर रक्तातलं प्रमाण ढोबळ हिशेबाने ४०-४५ पर्यंत जातं. म्हणजे एकाच लार्जला रेषा ओलांडली. ५५ किलोच्या स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असतं, म्हणून तोच पेग ६५ च्या आसपास नेतो. ६५० मिलिलिटरची पाच टक्क्यांची बिअर ५०-५५, आणि आठ टक्क्यांची स्ट्राँग ८५ च्या घरात. "फक्त बिअरच घेतली" या वाक्याला इथे काहीच अर्थ नाही.

उतरण्याचा वेग तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यातलं काहीही तो वाढवत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करतं. रात्री नऊला सुरुवात करून चार लार्ज घेतले तर रक्तात १७० पर्यंतचा साठा होतो, आणि सकाळी सहा वाजता विमानतळाकडे निघालेल्या माणसाच्या रक्तात अजून ३५ शिल्लक असतात. डोकं स्वच्छ वाटतं, पाय स्थिर असतात, आणि तरीही मशीन लाल होतं. हे आकडे ढोबळ आहेत. वजन, जेवण, यकृताची तब्येत यांप्रमाणे ते वरखाली होतात, म्हणून त्यांच्या आधारे "एवढी चालेल" असं गणित मांडून गाडीची किल्ली उचलू नये.

मशीन रक्त मोजत नाही, श्वास मोजतं. फुप्फुसाच्या खोल भागातल्या हवेत जेवढं अल्कोहोल असतं त्याच्या सुमारे २१०० पट ते तेवढ्याच आकारमानाच्या रक्तात असतं, असं धरून आकडा काढला जातो. म्हणजे रक्तातले ३० मिलिग्रॅम हे एक लिटर श्वासात ०.१४ मिलिग्रॅम होतात. काही मशीन रक्ताचा हिशेब करून आकडा देतात, काही श्वासाचाच देतात, काही टक्केवारीत ०.०३० असं दाखवतात. पावतीवर नुसता आकडा असून एकक नसेल तर तो आकडा कशाचा, हा प्रश्न उलटतपासणीत विचारलाच पाहिजे.

श्वासाच्या चाचणीचा सर्वांत मोठा शत्रू तोंडात राहिलेलं अल्कोहोल. नुकताच घेतलेला घोट, माउथवॉश, अल्कोहोलयुक्त खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचा अर्क, ढेकर किंवा उलटी, यांमुळे आकडा खोटा फुगतो. पण हे अल्कोहोल पंधरा-वीस मिनिटांत विरून जातं. म्हणूनच यावर उपायही सोपा आहे: पंधरा मिनिटं थांबून दुसरी चाचणी घ्या, असं तिथेच, शांतपणे, साक्षीदारासमोर सांगायचं. कलम २०३ मध्ये श्वासाचे "एक किंवा अधिक" नमुने असा उल्लेख आहे, आणि अटक केल्यावर पोलीस ठाण्यात पुन्हा श्वासाचा नमुना देण्याची संधी द्यावी असंही त्यातच म्हटलं आहे. ज्याने ती मागितलीच नाही त्याने वर्षभराने कोर्टात "मी माउथवॉश वापरलं होतं" म्हटलं, तर न्यायाधीशांना ते पटणं कठीण. मधुमेहींच्या श्वासातल्या ॲसिटोनचा बचावही हल्ली फारसा चालत नाही, कारण पोलिसांकडच्या फ्युएल सेल प्रकारच्या मशीनवर ॲसिटोनचा परिणाम जवळपास होत नाही. स्वस्त सेमीकंडक्टर सेन्सरच्या मशीनवर होतो. तेव्हा मशीनचं मॉडेल कोणतं, हे आधी बघायचं.

नाकाबंदीत थांबवल्यावर करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. गाडी बाजूला घेऊन बंद करा, पळू नका. नवी नळी तुमच्यासमोर लावायला सांगा, फुंकण्याआधी स्क्रीनवर शून्य दिसतं का ते बघा. छापील पावतीवर तारीख, वेळ, नाव, गाडीचा नंबर आणि मशीनचा अनुक्रमांक वाचूनच सही करा. वेळ चुकीची छापली असेल तर सहीजवळ खरी वेळ लिहा. पावतीचा फोटो काढून ठेवा. न प्यायलेल्या आणि परवाना असलेल्या माणसाला बोलावून गाडी त्याच्या ताब्यात द्यायची विनंती करा. पैसे देऊ नका: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि हवालदाराची कॉलर धरू नका, हात झटकू नका. कलम १८५ जामीनपात्र आहे. सरकारी कर्मचाऱ्यावर बळाचा वापर हे भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ अजामीनपात्र आहे. तासाभरात जामिनावर घरी जाऊ शकणारी कितीतरी माणसं केवळ या एका झटापटीमुळे रात्र कोठडीत काढतात.

"फुंकायला नकार दिला तर पुरावाच राहणार नाही" हा सल्ला घरोघरी मिळतो, आणि तो घातक आहे. दारू घेतल्याचा वाजवी संशय असेल तर नकाराबद्दलच विनावॉरंट अटक करता येते. कलम २०५ प्रमाणे सबळ कारणाशिवाय दिलेला नकार हा फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारी परिस्थिती मानता येतो. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली डॉक्टरकडून तपासणी करवून घेता येते, आणि त्यासाठी वाजवी बळही वापरता येतं. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे राज्यघटनेतलं संरक्षण इथे उपयोगी पडत नाही. शरीराचे नमुने देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे, या दिशेचा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने काठी कालू ओघड प्रकरणात १९६१ मध्येच पक्का केला.

दोन तासांच्या मुदतीबद्दलही असाच घोळ आहे. कलम २०२ प्रमाणे १८५ खाली अटक केलेल्याची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. सोडावं लागतं एवढंच. केस त्याने संपत नाही. उशीर झाल्याचा फायदा पुराव्याच्या वजनात मिळू शकतो, पण "दोन तास उलटले, आता निर्दोष" असं कुठेही लिहिलेलं नाही.

रक्ताचा नमुना हा खरा रणभूमीचा भाग, विशेषतः अपघात झाला असेल तेव्हा. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली रक्ततपासणीचे १९५९ चे नियम आहेत, आणि नमुना कसा घ्यायचा हे त्यांत बारकाईने दिलं आहे: शिरेतलं किमान ५ सीसी रक्त, निर्जंतुक सिरिंज, त्वचा स्पिरिटने न पुसता निर्जंतुक पाण्याने पुसणं, रक्त गोठू नये आणि टिकून राहावं यासाठी रसायन घातलेली कुपी, ती हलवून मिसळणं, मग सील आणि लेबल. यातली प्रत्येक पायरी कारणासाठी आहे. स्पिरिटचा बोळा फिरवला तर बाहेरचं अल्कोहोल नमुन्यात शिरू शकतं. रक्त टिकवणारं सोडियम फ्लोराइड घातलं नाही आणि कुपी उन्हाळ्यात कपाटात पडून राहिली तर जंतू रक्तातल्या साखरेपासून कुपीतच अल्कोहोल तयार करू शकतात. सील तुटकं असेल, लेबलवरचं नाव अपुरं असेल, पोलीस ठाण्यातून प्रयोगशाळेत जाईपर्यंत नमुना कोणाच्या ताब्यात होता याची नोंद नसेल, तर तो नमुना आरोपीचाच होता हे सिद्ध करणं फिर्यादी पक्षाला जड जातं.

हे पुस्तकी मुद्दे नव्हेत. २८ सप्टेंबर २००२ च्या वांद्र्यातल्या सलमान खान प्रकरणात सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली, आणि १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं. गाडी कोण चालवत होतं आणि चालक दारूच्या अमलाखाली होता का, या दोन्ही गोष्टी संशयापलीकडे सिद्ध झाल्या नाहीत असं उच्च न्यायालयाने म्हटलं. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीतल्या त्रुटींचाही त्यात वाटा होता. उलट बाजूने, १९ मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. नमुन्याशी खेळ करणं हा बचाव नव्हे, तो स्वतंत्र आणि अधिक गंभीर गुन्हा आहे, आणि डीएनए तपासणीच्या काळात तो लपतही नाही.

रुग्णालयाच्या अहवालात आणखी एक गोष्ट बघायची, जी वकीलही पुष्कळदा पाहत नाहीत. रुग्णालयाच्या प्रयोगशाळा बहुधा सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पातळ द्रवात, अल्कोहोल मोजतात, आणि कायदा रक्ताबद्दल बोलतो. सिरममधला आकडा पूर्ण रक्तापेक्षा साधारण १२ ते १८ टक्क्यांनी जास्त येतो. सिरममधले ३३ हे रक्तात २९ च्या आसपास असू शकतात. ३० च्या सीमेवरच्या केसमध्ये याने निकाल बदलू शकतो. १२० च्या केसमध्ये याचा काडीचा उपयोग नाही.

सीमेवरच्या केसमध्ये वेळही महत्त्वाची. दारू पोटातून रक्तात उतरायला अर्धा ते दीड तास लागतो. गाडी चालवताना प्रमाण २५ असून दीड तासाने घेतलेल्या चाचणीत ३५ दिसणं शक्य आहे, आणि गुन्हा ठरतो तो गाडी चालवतानाच्या प्रमाणावर. मात्र हा मुद्दा मांडायचा तर शेवटचा घोट किती वाजता घेतला याचा पुरावा हवा. हॉटेलचं बिल, यूपीआयची नोंद, बारमधलं चित्रीकरण हे सगळं लगेच जपून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही आठवड्यांत पुसलं जातं.

"नुसता वास आला म्हणून केस केली" असं असेल तर बचाव मजबूत आहे. बच्चुभाई करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलात होता असा निष्कर्ष काढता येत नाही. पण हा निकाल मशीनचा आकडा असलेल्या केसमध्ये नाचवून उपयोग नाही. आजच्या कलम १८५ मध्ये श्वासाची चाचणी हाच पुरावा पुरेसा मानला आहे, त्यामुळे "रक्त घेतलंच नाही" हा एकटा मुद्दा टिकत नाही. तिथे प्रश्न मशीनवर न्यायचा: ते केंद्र सरकारने मंजूर केलेल्या प्रकारचं आहे का, कॅलिब्रेशनचं, म्हणजे मशीन अचूक मोजतं हे तपासल्याचं, प्रमाणपत्र चाचणीच्या तारखेला चालू होतं का, ज्याने चाचणी घेतली तोच कोर्टात साक्षीला आला का, चाचणी घेणारा गणवेशात होता का.

एक साधी गोष्ट तारखेचीही आहे. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद असल्यामुळे त्याची दखल घेण्याची मुदत एक वर्षाची (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). घटनेनंतर वर्ष उलटून प्रकरण कोर्टात दाखल झालं असेल तर पहिला अर्ज त्याचाच करायचा. दुसऱ्या गुन्ह्याला ही मुदत तीन वर्षं आहे.

दंडाच्या दहा हजारांची चिंता करणाऱ्यांना परवान्याचा फटका नंतर कळतो. कलम २०६ प्रमाणे पोलीस परवाना ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवतात. त्याची पोच मिळते, पण त्या पोचवर गाडी चालवता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. मग आरटीओ म्हणणं मांडण्याची संधी देऊन पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो आणि दुसऱ्याला परवानाच रद्द करू शकतो. ती नोटीस आली की उत्तर द्यायचं. गप्प बसलं तर एकतर्फी आदेश होतो. परवाना परत मिळण्याआधी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. हे झालं कार्यालयाचं. कोर्टाने दोषी ठरवलं तर कलम २० प्रमाणे किमान सहा महिन्यांची अपात्रता द्यावीच लागते. त्या काळात गाडी चालवताना सापडलं तर कलम १८२ खाली वेगळा गुन्हा. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे, टॅक्सीवाला, ट्रकचालक, एसटीचा ड्रायव्हर, त्याच्यासाठी दंडापेक्षा हे सहा महिने मोठी शिक्षा आहेत. सरकारी नोकरीत तर कोणी जखमी झालं नाही एवढ्यावर खात्याच्या कारवाईतून सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये एका पोलीस दलातल्या चालकाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

विमा हा दुसरा न दिसणारा फटका. दारूच्या अमलाखाली अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचं नुकसान कंपनी देत नाही, आणि त्यासाठी कंपनीला श्वासाची किंवा रक्ताची चाचणी दाखवावीच लागते असंही नाही. पर्ल बेव्हरेजेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२१ रोजी इतर परिस्थितीवरूनही हे सिद्ध करता येतं असं ठरवलं. म्हणजे फौजदारी केसमध्ये चाचणीच्या त्रुटीमुळे सुटलेला माणूस विम्याचा दावा हरू शकतो.

शेजारी बसलेल्यांनीही ऐकून ठेवावं. प्यायलेल्या मित्राच्या हाती जाणूनबुजून किल्ली देणं कलम १८८ खाली प्रोत्साहन ठरू शकतं, आणि त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. मुलगा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड.

कोणाचा जीव गेला तर हे सगळं मागे पडतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण भरपूर प्यालेला माणूस बेफाम वेगाने गाडी चालवतो तेव्हा परिणामाची त्याला जाणीव होती असं धरून सदोष मनुष्यवध लागू शकतो, आणि त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होतं. त्या ॲलिस्टर परेरा प्रकरणात सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. सात जणांसाठी तीन वर्षं फार कमी आहेत असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

मग कबूल करायचं की लढायचं? आकडा १०० च्या पुढे, पावती स्वच्छ, मशीनचं प्रमाणपत्र चालू, पहिलाच गुन्हा आणि कोणालाही इजा नाही, अशा केसमध्ये वर्षानुवर्षं तारखा घेण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. पण कबुली देण्याआधी सहा महिन्यांची अपात्रता आणि कायमची दोषसिद्धी यांचा विचार करा. परदेशी शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या तयारीत असलेल्यांनी तर नक्कीच: व्हिसाच्या अर्जात अटक आणि शिक्षा विचारल्या जातात, अमेरिका अशा अटकेवरून दिलेला व्हिसाही मागे घेऊ शकते, आणि कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून हा गुन्हा गंभीर गुन्हेगारीत धरला आहे. आकडा ३० ते ४० च्या दरम्यान असेल, एकक किंवा वेळ संशयास्पद असेल, गाडी उभी होती आणि इंजिन बंद होतं, किंवा चालवणारी व्यक्ती दुसरीच होती, तर कबुली न देता आधी कागदपत्रांच्या प्रती मागा. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध नंतर अपील करता येतं ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतं. दोषी आहे की नाही हा प्रश्न पुन्हा उघडत नाही. लढून हरलात तर सत्र न्यायालयात ३० दिवसांच्या आत अपील करा आणि त्याच अर्जात शिक्षेबरोबर परवान्याच्या अपात्रतेलाही स्थगिती मागा. ती वेगळी मागावी लागते.